आडवे पडून निवडलेले टायर

एकदा एक शिष्य आपल्या गुरूंच्या गाडीला मोठे टायर घ्यायला निघाला. गुरू म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी दवाखाना चालवणारे एक वृद्ध वैद्य. गाडी लहानशीच होती. चार चाकांची, चारी बाजूंनी उघडी, पुढे दोघे शेजारी-शेजारी बसतील आणि मागे एक स्ट्रेचर मावेल एवढी. माथ्यावरच्या वस्तीला रस्ता नव्हता, फक्त दगडगोट्यांची वाट होती, आणि त्या वाटेने आजारी माणूस खाली आणायला ही एकच गाडी होती.

आठवड्यापूर्वी एक अघटित घडले होते. शिष्य तापाने फणफणलेल्या एका म्हातारीला घेऊन उतरत होता. ओढ्यात मधोमध एक मोठा दगड होता. गाडीचे पोट त्यावर टेकले आणि चाके नुसतीच फिरत राहिली. शेवटी म्हातारीला खांद्यावरून आणावे लागले. ती वाचली, पण शिष्याला ती गोष्ट मनातून काढता येईना. त्यातच वस्तीवरच्या एका सुनेचे दिवस भरत आले होते. टायर घ्यायच्या दुसऱ्याच दिवशी तिला खाली आणायचे ठरले होते, आणि वैद्यांचा गुडघा आता उतारावर ब्रेक दाबताना दगा देऊ लागला होता.

वैद्य म्हणाले, "टायर तूच निवड. कसे निवडतोस ते पाहून किल्ली तुझ्या हाती द्यायची की नाही, ते मी ठरवीन."

दोघे दुकानात गेले. टायरचा व्यापारी ओळखीचा होता. त्याने दुकानातले सर्वांत मोठे टायर पुढे लोटले आणि तो वैद्यांना म्हणाला, "हे घ्या बुवा! हे घातले की तुमची गाडी म्हणजे हत्ती. एक फेरी मारून या, मग बोला."

टायर चढवले. शिष्य चालवायला बसला, वैद्य शेजारी बसले. गाडी ओढ्यात शिरली आणि ज्या दगडाने आठवडाभर शिष्याची झोप घालवली होती, त्याच्यावरून ती अलगद निघून गेली. खाली साधा स्पर्शही झाला नाही. पुढचा खडा चढ तिने दमदारपणे घेतला. उंचावर बसून चालवताना शिष्याला हसू आवरेना.

"बुवा, हेच! दुसरे बघायलाच नकोत."

माथ्यावर पोहोचल्यावर वैद्य खाली उतरले आणि म्हणाले, "आता मागे जा. स्ट्रेचरवर आडवा पड."

"मी? मला काय झालंय?"

"काही झालं नाही, तोवरच पड."

शिष्य बुचकळ्यात पडला, पण आडवा झाला. वैद्यांनी त्याला पट्ट्यांनी नीट बांधले आणि कण्हत चालकाच्या जागेवर जाऊन बसले. गाडी उतरू लागली.

शिष्याने ती वाट शेकडो वेळा पाहिली होती. पण आता त्याला आभाळ आणि फांद्या यांखेरीज काहीच दिसत नव्हते. वळण कुठे आहे, खड्डा कुठे आहे, काही कळेना. उंच झालेली गाडी प्रत्येक खाचेत एका अंगावर कलायची आणि पट्टा त्याच्या खांद्यात रुतायचा. वळणावर पुढचे चाक मडगार्डला घासून खर्रर असा आवाज यायचा. वैद्य ब्रेक दाबत, तरी ती जड चाके थोडी पुढे जाऊनच थांबत. त्याने दोन्ही हातांनी स्ट्रेचरची दांडी घट्ट धरली.

"बुवा, जरा सावकाश!"

"जाताना मीही हेच म्हणणार होतो," वैद्य पुढून म्हणाले, "पण तू इतका हसत होतास, म्हटलं कशाला मोडता घालू."

ओढ्याच्या अलीकडे वैद्यांनी गाडी थांबवली. पट्टे सोडता सोडता ते बोलू लागले.

"आपण वर जातो ते रिकामे. खाली येतो ते कुणाला तरी घेऊन. तू टायर निवडलेस चढावर, आणि तेही पुढे बसून. पुढे बसणाऱ्याला दगड दिसतो, त्याच्या हातात स्टिअरिंग असतं, म्हणून त्याला भीती कमी आणि मजा जास्त. गाडी मात्र मागच्या माणसासाठी आहे. त्याला काही दिसत नाही, आणि त्याच्या हातात फक्त ही दांडी असते. साधन केवढं मोठं हवं, हे त्याच्या जागेवर पडून ठरवावं."

शिष्याचे हात अजून दांडीवरच होते. त्याने ते हळूच काढले. "मग जुनेच राहू देत का?"

"जुने लहानच पडले की! त्या आजीला खांद्यावरून आणलंस, ते मी विसरलेलो नाही. मोठे घे. पण आडव्या माणसाला सोसतील एवढेच."

ते दुकानी परतले. शिष्याने जुन्याहून एकाच मापाने मोठे असे टायर काढायला सांगितले, आणि या वेळी कुणी न सांगता तो स्वतःच मागे जाऊन पडला. वैद्यांनी पुन्हा फेरी मारली. चाक कुठे घासले नाही. गाडी हलली, पण कलली नाही. फक्त ओढ्यात, अगदी शेवटी, खालून एक हलकासा ठोका लागला.

"बुवा, दगड अजून लागतोय. थोडक्यासाठी."

"हं," वैद्य म्हणाले. "पण तेवढ्यासाठी गाडी आणखी किती उंच करत नेणार?"

शिष्य विचारात पडला. मग व्यापाऱ्याकडे जाऊन त्याने एक पहार मागितली.

"टायर घ्यायला आलास की विहीर खणायला?" व्यापारी हसला, पण पहार त्याने दिली.

दुपार सरेपर्यंत शिष्य ओढ्यात राबत होता. घामाने निथळत त्याने दगडाच्या बुडाखालची माती मोकळी केली, पहारीवर सगळा भार टाकला, आणि शेवटी दगड कलंडून वाटेच्या कडेला गेला. डोक्यावर मोळी घेऊन उतरणारी एक बाई तिथे क्षणभर थांबली. इतकी वर्षे ती त्या दगडाला वळसा घालून जात असे. आता ती सरळ गेली.

शिष्य मातीने माखलेला परत आला. वैद्यांनी त्याच्याकडे पाहिले, किल्ली त्याच्या तळहातावर ठेवली आणि ते गाडीत बसले. माथ्यावर पोहोचल्यावर ते स्वतः स्ट्रेचरवर आडवे झाले. "चल," एवढेच म्हणाले.

शिष्याने त्यांचे पट्टे दोनदा तपासले. मग सगळा उतार तो असा उतरला, जणू प्रत्येक खाच त्याच्याच पाठीला कळत होती. ओढा आला आणि गेला.

दुकानासमोर गाडी थांबली तसा व्यापारी हात पुसत बाहेर आला आणि मोठ्याने म्हणाला, "काय मग? कसे निघाले टायर?"

शिष्याने घाईने ओठांवर बोट ठेवले आणि मागे खूण केली.

दांडीवरचे हात केव्हाच सुटून वैद्यांच्या छातीवर विसावले होते. त्यांना गाढ झोप लागली होती.