दोन पानांची पंगत

फार पूर्वी, रस्ते मातीचे आणि गाड्यांची चाकं लाकडाची होती तेव्हा, एका नदीच्या वळणावर एक गाव होतं. त्या गावात एक गाडीवान राहत असे. माणूस कष्टाळू, बैलांवर जीव लावणारा. पण सोमवारी बाजाराला गेला की गूळ विकून झाल्यावर तो ताडीच्या दुकानात बसायचा आणि मग बैलच त्याला घरी आणायचे. लोक हसायचे. म्हणायचे, या गाडीबरोबर तिघं जातात, त्यातले शहाणे दोनच, आणि तेही चार पायांचे.

त्याच गावात एक कल्हईवाला होता. उताराखाली, रस्त्याच्या कडेला तो भाता लावून बसायचा आणि गावभरची काळवंडलेली भांडी चांदीसारखी करून द्यायचा. त्याची बायको धाकट्याच्या बाळंतपणात गेली होती. घरात सात वर्षांची बकुळा, तीन वर्षांचा तानू आणि त्याची स्वतःची म्हातारी बहीण. मुलं तिला आत्या म्हणत.

एका सोमवारी दुपारी गाडीवान झिंगून उतारावर आला. कासरा हातातून सुटला होता. रिकामी गाडी उतारावर वेगानं घरंगळली, रस्ता सोडून खाली गेली आणि भात्याशी वाकून बसलेल्या कल्हईवाल्यावर आदळली. लोक धावत पोचले तेव्हा त्याच्यात थोडी धुगधुगी होती. थोड्याच वेळात तीही गेली.

चावडीवर सगळे जमले. गाडीवानाची नशा उतरली होती आणि तो खाली मान घालून सांगत होता, की बैल बुजले.

पाटलांनी विचारलं, "बैल प्याले होते का?"



त्या गावाची एक जुनी रीत होती. कुणाच्या हातून मोठा गुन्हा घडला, की त्याला वाळीत टाकायचं आणि त्यानं साऱ्या गावाला जेवण घातलं, की पुन्हा पंगतीत घ्यायचं. गावजेवण झालं की गुन्हा संपला. मग त्याचं नावही कुणी काढायचं नाही. ज्यांचं नुकसान झालं, त्या घराला त्या दिवशी पहिल्या पंगतीत बसायचा मान असे.

गाडीवानानं एक बैल विकला. तेराव्यानंतरच्या पाचव्या दिवशी देवळापुढे चुली पेटल्या. पुऱ्या, वांग्याची भाजी, वरणभात आणि बुंदी. तीनशे माणूस जेवायला बसलं. आत्या पहिल्या पंगतीत बसली, पण तिनं पानाला हात लावला नाही. तिच्या शेजारी बकुळा आणि बकुळाच्या मांडीवर तानू.

रीतीप्रमाणे बुंदी वाढायला स्वतः पाटील आले. त्यांनी पाहिलं, तर बकुळानं दोन पुऱ्या दुमडून परकराच्या ओच्यात ठेवल्या होत्या आणि आता बुंदीचाही अर्धा भाग पानाच्या कडेला सारत होती.

पाटील खाली वाकले. "खात का नाहीस, बाय? आवडत नाही का?"

"आवडते. पण हे तानूचं उद्याचं आहे."

"आणि तुझं उद्याचं?"

बकुळानं जरा विचार केला. मग तिनं पाटलांनाच विचारलं, "गाडीवानकाका उद्या पण जेवण घालणार आहेत का?"

शेजारचा एक जण हसला. मग त्यानंच हातातला घास पानात ठेवला. हळूहळू पूर्ण पंगतीचे हात थांबले.

पाटलांनी बुंदीचं पातेलं खाली ठेवलं. म्हणाले, "आपलं चुकलं. जेवण भुकेल्याला घालायचं असतं. आपण सगळे सकाळी घरून न्याहारी करून आलोय. बाप गेला या पोरांचा आणि भरपाई खातोय आपण."

मग त्यांनी गाडीवानाला पुढे बोलावलं. सांगितलं, की आजपासून ही रीत बंद. ज्या हातानं या दोन पोरांना भाकरी मिळत होती तो हात तू थांबवलास. त्याच्या जागी आता तुझा हात. दर सोमवारी बाजारातून यायचं आणि यांच्या दारात आठवड्याचं धान्य, डाळ, तेल, गूळ ठेवायचं. पोरं आजारी पडली तर वैद्य तूच आणायचा.

गाडीवान रडकुंडीला आला. म्हणाला, एक बैल तर या जेवणात गेला, एका बैलावर मी काय ओढणार? माझ्या घरीही बायको आहे.

पाटील म्हणाले, "आधी ताडीतून काढ. तरी कमी पडलं तर बैल मी देतो, सावकाश फेड. तुझ्या बायकोच्या ताटातलं मात्र काढू नकोस."

"आणि हे कधीपर्यंत?"

"हा धाकटा स्वतःच्या कमाईची भाकरी खाईल तोपर्यंत."

लोकांनी तानूकडे पाहिलं. तो बुंदीचा एकेक दाणा उचलून नीट बघून तोंडात टाकत होता.

गावानं या शिक्षेला नाव दिलं, दोन पानांची पंगत. पुढे बाजारात एखादा गाडीवान पिऊन बैल जुंपायला लागला, की सोबती त्याला टोकायचे, "किती पानं वाढायची ताकद आहे रे तुझी?" बहुतेक वेळा तो मुकाट्यानं कासरा दुसऱ्याच्या हाती द्यायचा.

आपला गाडीवान मात्र पहिलं वर्षभर धुसफुसत राहिला. ताडी कमी झाली होती, सुटली नव्हती. सोमवारी तो दारात पोतं आपटायचा आणि कुणाकडे न बघता निघून जायचा. कधी ज्वारीत खडे निघायचे, कधी डाळीला कीड असायची. आत्या निवडत बसायची. बकुळा तिला मदत करायची.

एका सोमवारी पोतं आपटून तो वळला, तर बकुळा वाटेत उभी होती. ती आता आठ वर्षांची झाली होती.

"काका, एक विचारू? सगळे सांगतात, लोक पोचले तोवर बाबा बोलत नव्हते. त्यांच्या आधी तुम्हीच तिथं होतात. बाबा काही बोलले का?"

गाडीवानाच्या तोंडाशी आलं, की तुझं नाव घेतलं म्हणून सांगावं. पोरीला बरं वाटलं असतं. खोटं कधीच उघडं पडलं नसतं. पण ती त्याच्याकडे इतक्या भरवशानं बघत होती, की त्याची जीभ उचलेना.

तो पायरीवर बसला. "मला आठवत नाही, पोरी. मी शुद्धीत नव्हतो. बोलले असतील. माझ्या कानावर पडलंही असेल. पण मला काहीच आठवत नाही."

बकुळा वाटेतून बाजूला झाली. मग आत गेली. पुढचे तीन सोमवार ती बाहेर आली नाही.

आपण बाप तर नेलाच, पण त्याचे शेवटचे शब्दही नेले आणि सांडून टाकले, हे गाडीवानाला त्या दिवशी समजलं. ताडी त्या दिवशीच सुटली असं नाही. तो पुन्हा दोनदा घसरला. त्यानंतर मात्र कधी प्याला नाही. चौथ्या सोमवारी तो आला तेव्हा त्यानं ज्वारी घरूनच निवडून आणली होती आणि पोतं आपटलं नाही, हळूच टेकवलं. बकुळा दारात आली आणि एका बाजूनं पोतं धरून तिनं ते त्याच्यासोबत आत नेलं.

वर्षं गेली. नदीला पूर आला तेव्हा तो पोतं डोक्यावर घेऊन छातीभर पाण्यातून आला. तानूला गोवर निघाला तेव्हा त्यानं तीन कोसांवरून वैद्य आणला आणि ताप उतरेपर्यंत अंगणात बसून राहिला. आत्यानं त्याला घरात बोलावलं नाही, पण अंगणात घोंगडी टाकली. बकुळाच्या लग्नाचं धान्य त्याच्याच गाडीतून आलं. मांडवात तो शेवटच्या पंगतीला बसला.

तानू सोळाचा झाला. बापाचा भाता त्यानं झाडून पुसून काढला, शेजारच्या गावातल्या कल्हईवाल्याकडे काम शिकला आणि एका बाजाराच्या दिवशी चार पातेली, दोन परातींना कल्हई करून त्या पैशांची ज्वारी घरी घेऊन आला. त्या वेळी बकुळा सासरहून आली होती. तिनं त्या पिठाची भाकरी थापली.

त्याच संध्याकाळी गाडीवान नेहमीसारखा दारात आला. केस पांढरे झाले होते. तानूनं पुढे होऊन सांगितलं, "काका, आता नको. आजची भाकरी माझी आहे."

गाडीवानाला आनंद झाला आणि लगेच काय करावं ते सुचेना. सोमवारचा रस्ता या दाराशिवाय दुसरीकडे कुठे जातो, हेच तो तेरा वर्षांत विसरला होता. तो बकुळाकडे वळला आणि इतक्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते त्यानं विचारलं.

"पोरी, मला माफ केलंस का?"

हाताचं पीठ झटकत ती म्हणाली, "ते मला अजून ठाऊक नाही, काका. कधीकधी वाटतं केलं, कधी वाटतं नाही. पण आम्ही एकही रात्र उपाशी झोपलो नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे."

गाडीवानानं मान हलवली. एवढं त्याला पुरेसं होतं. त्यानं पोतं पुन्हा गाडीत ठेवलं, बैलांच्या पाठीवरून हात फिरवला आणि कासरा हातात घेतला.

बकुळा पायरीपर्यंत आली. "सावकाश जा," ती म्हणाली.

"सावकाशच जातो, बाय," गाडीवान म्हणाला, आणि बैलांना चालीवर धरून उताराच्या रस्त्यानं निघून गेला.

तात्पर्य: नशेत कुणाच्या घरचा कर्ता हिरावला, तर गावाला जेवू घालून ते फिटत नाही; त्याच्या लेकरांचं ताट रोज, ती मोठी होईपर्यंत भरावं लागतं. माफी मिळेल न मिळेल, भाकरी मात्र पोचलीच पाहिजे.