महिपतीनं इंजिन बांधलं

पंचगंगेकाठच्या एका गावात महिपती नावाचा एक भोळा जावई होता. गाव त्याला भोळा म्हणायचं. त्याची बायको सिंधू दुसरंच काही म्हणायची, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सासऱ्यांनी, म्हणजे तात्याबांनी, त्याला आपली तरुणपणची फटफटी दिली होती. बरीच वर्षं ती गोठ्यात कोंबड्यांच्या ताब्यात होती. देताना तात्याबा म्हणाले, "जावईबापू, दसऱ्याला येतो. तवर इंजिन बांधून गाडी चालू करा. न्हाई झाली, तर थोरल्या जावयाला देतो."

थोरला जावई फार हुशार. आणि ते तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. आपल्या वडिलांची गाडी त्याच्या दारात? सिंधूला हे खपणं शक्यच नव्हतं. तिनं महिपतीला बाळकू मिस्त्रीकडे पिटाळलं.

बाळकू म्हणाला, "सोपं हाय. जे उघडशील ते रॉकेलात बुडवायचं आन ब्रशनं घासायचं."

"उघडलं की बुडवायचं," महिपती म्हणाला आणि घरी आला.

सिंधूनं आतून हाक मारली, "अहो, कुकरचं झाकण अडकलंय. जरा उघडून द्या."

महिपतीनं उघडलं. आणि बुडवलं. झाकण, शिट्टी, रबर, डाळीचा डबा. डाळ ब्रशनं घासता येईना, म्हणून तेवढी सोडली.

सिंधू कडाडली, "अहो, भांड्याला रॉकेल लावत्यात व्हय? चिंच-मीठ लावायचं. चकाचक हुतंय."

"चिंच-मीठ. चकाचक," महिपती म्हणाला. उघडलेल्या इंजिनातला पिस्टन काळाकुट्ट होता. त्यानं त्याला चिंच-मीठ चोपडलं आणि उन्हात ठेवलं.

बाळकूनं पिस्टन हातात घेऊन हुंगला. "चटणी करतोस काय ह्याची? आरं, जिथं घासतंय तिथं ऑइल सोडायचं. सढळ हातानं."

"घासतंय तिथं ऑइल," महिपती म्हणाला.

खंडेनवमीला तात्याबा आले. कट्ट्यावर बसता बसता म्हणाले, "ही नवी चप्पल लई घासतीया बगा." महिपतीनं हातातली बाटली दोन्ही चपलांत पालथी केली. सढळ हातानं. तात्याबा पाय सरकवून उठले आणि थेट तुळशीपाशी पोहोचले. चालावं लागलंच नाही.

तिथूनच, बसल्या जागेवरून ते म्हणाले, "उद्या पूजेला गाडी चालू दिसली न्हाई, तर थोरले जावई टेम्पो घिऊन येत्यात."

सिंधूच्या डोळ्यांत पाणी आलं. महिपती भोळा असला तरी बायकोवर त्याचा फार जीव. तो धावत मिस्त्रीकडे गेला. पण मिस्त्रीचे पाने झेंडूची फुलं वाहून पूजेला मांडलेले. त्यांना आज हात लावायचा नाही.

"मी येत न्हाई," बाळकू म्हणाला. "एवढंच ध्यानात ठेव. शेवटाला एक जरी वस्तू भाईर उरली, तर गाडी गेली समज."

"भाईर काही उरता कामा नये," महिपती म्हणाला.

महिपतीचे पाने इतके बरबटलेले होते, की सिंधूनं ते पूजेत घेतलेच नव्हते. त्यामुळं काम अडलं नाही. कट्ट्याच्या एका टोकाला तात्याबा जेवून लवंडले. दुसऱ्या टोकाला महिपतीनं ताटं-वाट्यांत इंजिनाचे भाग मांडले आणि एकेक बसवत गेला. सगळं बसलं. एका वाटीत मात्र एक भाग उरला. गुलाबी, कमानीसारखा. हा आपण पाण्यात का भिजवला, ते त्याला आठवेना. डाव्या झाकणाखाली साखळीशेजारी थोडी जागा होती. तिथं दाबल्यावर तो घट्ट बसला. म्हणजे तो तिथलाच.

दसऱ्याच्या सकाळी थोरला जावई टेम्पो घेऊन दारात हजर. गाडीला हार घातला, नारळ फोडला. महिपतीनं किक मारली. पहिल्याच किकला फटफटी बोलली! कोंबड्या उडाल्या. थोरल्या जावयाचं तोंड एवढंसं झालं. सिंधूनं वडिलांपुढं पेढा धरला.

तात्याबांनी पेढा घेतला नाही. ते सकाळपासून रिकामीच दिसणारी वाटी पुन्हा चाचपत होते.

"फिंधू, माफी कवफी कुफं हाय?"

"कवळी? कालच्या वाटीतच असंल की, बाबा."

महिपतीनं सासऱ्यांच्या मानासाठी ऍक्सिलरेटर पिळला. आत कडाकडा काहीतरी फुटलं, इंजिन गचकन थांबलं आणि झाकणाखालून ऑइलबरोबर गुलाबी भुगा गळू लागला.

तात्याबा वाकून तो भुगा बोटानं चाळू लागले. महिपती छाती काढून म्हणाला,

"शोधू नका, मामा. तुमच्या गाडीतली एकसुद्धा वस्तू मी भाईर ठेवलेली न्हाई."