कचऱ्याची जागा

एकदा एका पानमळ्यांच्या गावाला शहर होण्याची घाई झाली. ग्रामपंचायत जाऊन नगरपरिषद आली, बसस्थानकावर पक्के छप्पर आले, वेशीबाहेरच्या शेतांत प्लॉटचे दगड उभे राहिले. मग वरून विचारणा झाली की, हे गाव पुढे कसे वाढणार आहे आणि त्याचा विकास आराखडा कुठे आहे?

त्या गावात उपळेकर नावाचे एक वृद्ध नगररचनाकार राहत होते. मोठमोठ्या शहरांचे आराखडे करण्यात त्यांची हयात गेली होती. निवृत्तीनंतर ते वेशीजवळच्या आपल्या जुन्या घरी पत्नीसह येऊन राहिले. नगरपरिषदेने अर्थातच त्यांना गळ घातली. ते म्हणाले, "आराखडा माझी शिष्या करील. शेवटचा हात तेवढा मी फिरवीन."

शिष्येचे नाव केतकी. नगररचनेचे शिक्षण घेऊन ती या कामासाठीच गावात येऊन राहिली होती. तिने कामाला अगदी वाहून घेतले. ओढे कुठून येतात, पावसाचे पाणी कुठे तुंबते, बाजाराच्या दिवशी बैलगाड्या आणि टेम्पो कुठे अडतात, हे तिने पायी हिंडून पाहिले. ओढ्यांवर रस्ते न टाकता तिने त्यांच्या काठाने झाडांचे पट्टे आखले. पानमळ्यांची जमीन बांधकामातून वगळली. शाळेपर्यंत मुलांना सावलीतून चालत जाता यावे, अशी वाट काढली. हे गाव वाढेल, पण स्वतःचे पाणी आणि सावली खाऊन वाढणार नाही, याचा तिला भरवसा वाटू लागला.

शेवटी प्रश्न उरला कचऱ्याचा. तो तोवर नदीकाठी टाकला जाई आणि अधूनमधून पेटवला जाई. केतकीने त्यासाठी गावाच्या पूर्वेची, बंद पडलेली दगडाची खाण निवडली. खड्डा तयारच होता, जमीन सरकारी होती, आणि वर्षातील बहुतेक काळ वारा पश्चिमेकडून वाहत असल्यामुळे वास गावात येणार नव्हता. तिने नकाशावर खाणीच्या जागी एक करडा चौकोन काढला आणि नकाशा उपळेकर सरांच्या पडवीत नेऊन पसरला.

सरांनी तो बराच वेळ पाहिला. "ओढे मोकळे ठेवलेस, हे फार चांगलं केलंस," ते म्हणाले. "लोक ओढ्याला गटार समजतात, आणि मग पुरात ओढा त्यांना आपली जागा दाखवतो." केतकीला धन्य वाटले. सरांचे बोट नकाशावरून सरकत सरकत खाणीपाशी आले आणि थांबले.

"इथे शेजारी कोण राहतं?"

"खाण चालू होती तेव्हा दगड फोडायला आलेली माणसं, सर. खाण बंद पडली, ती तिथेच राहिली. थोडीच घरं आहेत."

"त्यांनी हरकत घेतली का?"

"नाही. हरकतींची सभा झाली, पण त्यांच्यापैकी कुणी आलं नाही."

"सभा आहे, हे त्यांना कळलं होतं?"

"नोटीस लावली होती ना. नगरपरिषदेच्या फलकावर."

सरांनी खोडरबर घेऊन तो करडा चौकोन शांतपणे पुसून टाकला. मग पेन्सिल घेतली आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला, वेशीजवळच्या एका घराच्या कुंपणाला अगदी लागून, तेवढाच चौकोन काढला. केतकीने वाकून पाहिले. सरांची नजर अधू झाली की काय, असे तिला क्षणभर वाटले.

"सर, हे तुमचं घर आहे."

"माहीत आहे."

"आणि ही जमीनही तुमचीच."

"तेही माहीत आहे. ती मी नगरपरिषदेला देतो."

दारात सरांच्या पत्नी उभ्या होत्या. केतकी त्यांना काकू म्हणे. काकूंनी सगळे ऐकले होते. त्या पुढे आल्या, नकाशात वाकून पाहिले आणि म्हणाल्या, "जन्मभर लोकांच्या गावांची आखणी केलीत. माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यासमोर एक खिडकी आहे. तिचा विचार या कागदावर कुठे आहे, तेवढं दाखवा."

"कुठेच नाही," सर म्हणाले. "तुझं म्हणणं खरं आहे."

"खरं आहे म्हणता आणि करायचं तेच करता," असे म्हणून काकू आत गेल्या. त्या दिवशी पडवीत चहा आला नाही.

केतकी घरी परतली ती रागातच. तिच्या शास्त्रात चूक नव्हती. वारा, उतार, अंतर, रस्ता सारे तिने तपासले होते. सरांना या वयात त्यागाची हौस आली असेल तर ती त्यांनी खुशाल भागवावी, पण या एका चौकोनापायी सभेने सगळाच आराखडा फेटाळला तर? मग ओढ्यांवर रस्ते होतील, मळ्यांत इमारती उभ्या राहतील, आणि एका वृद्धाच्या लहरीची किंमत गाव पिढ्यान्‌पिढ्या मोजील. सभेच्या दिवशी ती धास्तावलेल्या मनानेच सरांच्या शेजारी जाऊन बसली.

तिची भीती खोटी नव्हती. चौकोन कुठे आहे हे कळताच सभागृहात गदारोळ उठला. वेशीच्या रस्त्यावर नगराध्यक्षबाईंचे घर होते, दोन डॉक्टरांची घरे होती, आणि त्यापलीकडे एका जमिनीच्या व्यापाऱ्याने प्लॉट पाडले होते. व्यापारी उठून उभा राहिला. माणूस रोखठोक होता.

"सर, तुम्ही मोठी माणसं. त्याग करा, आम्ही पाया पडू," तो म्हणाला. "पण तुमच्या त्यागाचा वास आम्ही का घ्यायचा?"

लोक हसले. केतकीलाही मनातून ते पटले. नगराध्यक्षबाई समजुतीच्या स्वरात म्हणाल्या, "सर, खाणीच्या जागेला कुणाचीच हरकत नव्हती. मग तीच राहू द्या ना."

सर सावकाश उठले.

"हरकत नव्हती, हे खरं," ते म्हणाले. "माझ्या शिष्येचं गणितही चुकलेलं नाही. पण अशा जागा मी अनेक शहरांत पाहिल्या आहेत. आधी खड्डा असतो. तो भरतो. मग त्याचा डोंगर होतो, आणि एके दिवशी तो डोंगर पेट घेतो. असं का होतं? कारण ज्यांना तो दिसतो, त्यांचं कुणी ऐकत नाही. आणि ज्यांचं ऐकलं जातं, त्यांना तो दिसत नाही. डोंगर करायचा असेल तर अंतर हवं. तो होऊच द्यायचा नसेल तर नजर हवी. खाणीजवळच्या माणसाची तक्रार या खुर्चीपर्यंत पोचायला वर्ष लागेल. शेठजींना वास आला, तर ते त्याच सकाळी इथे येऊन उभे राहतील. शेठजी, मला तुमचा प्लॉट नको. मला तुमचं नाक हवं आहे. गावाच्या आरोग्यासाठी याहून चांगलं यंत्र माझ्या माहितीत नाही."

पुन्हा हशा पिकला, पण या वेळी तो लवकर ओसरला. नगराध्यक्षबाईंनी केतकीकडे वळून विचारले, "पण हे नियमात बसतं का?"

केतकी उभी राहिली. "घरांजवळ उघडा ढीग लावायला परवानगी मिळणार नाही," ती म्हणाली. "ओला कचरा रोजच्या रोज छपराखाली खतात घातला आणि सुका तिथल्या तिथे वेगळा करून पुढे पाठवला, तर मिळू शकेल. पण मग सगळं घरातूनच वेगळं करून आलं पाहिजे. साठवून चालणार नाही..." बोलता बोलता ती अडखळली. खाणीसाठी आपण यांतले काहीच सुचवले नव्हते, हे तिच्या ध्यानात आले. तिथे खड्डा होता. त्यामुळे तिला त्यापुढे विचार करावाच लागला नव्हता.

बराच खल होऊन ठराव झाला, तोही एका वर्षापुरता. वर्षभरात वास थांबला नाही तर जागा खाणीकडे न्यायची, ही व्यापाऱ्याची अट सरांनी एका शब्दात मान्य केली. बाकीचा आराखडा ओढ्यांसकट मंजूर झाला.

पुढचे काही महिने कठीण गेले. शेड उभी राहिली, पण घराघरांतून सगळे एकत्रच येत राहिले. भाताबरोबर काचा, सालींबरोबर प्लास्टिक. वास सुटला, माश्या झाल्या. काकू पहाटे उठून स्वयंपाक उरकत आणि खिडकी दिवसभर बंद ठेवत. घरात बोलणे कामापुरतेच होई. सर पडवीत बसून राहत. आपली चूक झाली का, असे ते कधी बोलले नाहीत आणि आपण बरोबर आहोत, असेही म्हणाले नाहीत. केतकी जायची तेव्हा तिला त्या घराची दया यायची.

व्यापारी मात्र नेमाने नाकाला रुमाल लावून येई आणि शेडच्या फाटकाशी उभा राहून ओरडे. तो ओरडे म्हणून मुख्याधिकारी येत. ते येत म्हणून कचरागाडीवाले मिसळलेला कचरा दारातूनच परत करू लागले. लोक चिडले, हॉटेलवाल्यांनी एक दिवस संप केला. शेवटी काकूंचा संयम संपला. त्या पदर खोचून निघाल्या आणि आळीतल्या घराघरांत शिरल्या.

"तुमचा नासका रस्सा माझ्या खिडकीखाली येतो, बाई," त्या म्हणत. "यायचा तो येऊ दे. पण निदान पिशवीतून सोडवून पाठवा. पिशवीत तो कुजतो, मोकळा असला की त्याची माती होते."

शासनाच्या फलकांनी जे झाले नाही, ते या बोलण्याने होऊ लागले. एक आळी सुधारली, मग दुसरी. नगराध्यक्षबाईंच्या घरची बादली चुकीची आली, ती काकूंनी परत पाठवली आणि ती गोष्ट गावभर झाली. हळूहळू वास उणावला. पावसाळ्यात तो पुन्हा डोके वर काढी, मग पुन्हा ओरडा होई, पुन्हा शेडमध्ये सुधारणा होई. तयार झालेले खत पानमळेवाले आधी संशयाने आणि मग हक्काने नेऊ लागले. व्यापाऱ्याने सरांना शेवटपर्यंत माफ केले नाही. पण वर्ष संपल्यावर जागा हलवण्याचा विषय सभेपुढे आला, तेव्हा तोच म्हणाला, "राहू द्या आता. तिकडे नेलं तर बघायला कोण जाणार?"

केतकी त्या शब्दांनी फार आनंदली. दुसऱ्याच दिवशी ती खाणीकडे गेली. सरांनी या लोकांसाठी काय सोसले ते त्यांना कळायला हवे, असे तिच्या मनाने घेतले होते. खाणीत पावसाचे पाणी साठले होते. काठावर एक म्हातारी बाई कपडे धूत होती. तिचे नाव हौसाबाई. केतकी तिच्याजवळ बसली आणि तिने जरा आडून विचारले, "मावशी, इथे गावचा कचरा येणार होता, ते कळलं होतं का तुम्हाला?"

"कचरा?" हौसाबाईने कपडा आपटायचा थांबवला. "हितं कशाला येईल गावाचा कचरा?"

केतकी सांगणार तेवढ्यात हौसाबाईच म्हणाली, "तू नगरपालिकेची हाईस न्हवं? मग आमच्या नळाचं बघ की. ह्या पाण्यात धुणं व्हतं, पण प्यायला पार चौकातनं आणावं लागतंय. कवा येणार नळ?"

"बघते," केतकी म्हणाली आणि उठली.

तशीच ती सरांकडे आली. "त्यांना यातलं काही माहीतच नाही, सर," ती म्हणाली. "तुम्ही जमीन दिली, काकूंनी वर्षभर सोसलं, आणि तिकडे कुणाला पत्ता नाही. एकदा त्यांना नीट बोलावून सांगू या का?"

"काय सांगशील?"

"की तुमच्या दारात आम्ही कचरा टाकणार होतो, पण सरांनी..."

तिथे तिचे वाक्य थांबले. आपले शब्द तिने स्वतःच ऐकले होते.

सर सौम्यपणे म्हणाले, "आपली घाण आपण आपल्यापाशी ठेवली. यात त्यांच्यावर उपकार कसला? ती बाई काय म्हणाली?"

"नळ कधी येणार, असं विचारत होती."

"मग तिला त्याचं उत्तर दे."

केतकीने नकाशा उलगडला. पाण्याची निळी रेघ टाकीपासून निघून चौकात येत होती, तिथून सगळ्या आळ्यांत फाटे फुटत होते. पूर्वेकडचा फाटा खाणीच्या बराच अलीकडे संपला होता. ही रेघ तिनेच काढली होती, आणि ती अपुरी आहे असे तिला आजवर एकदाही वाटले नव्हते. ती पडवीतल्या जमिनीवर बसली, पेन्सिलीला टोक केले, आणि खाणीपर्यंत पाण्याला उतार कुठून मिळेल ते पाहू लागली. काकूंनी तिच्यासमोर चहा आणून ठेवला. सरांनी आपला चष्मा पुसला आणि ते तिच्या शेजारी येऊन बसले.