वाजवून घेतलेला माठ

संस्थाचालक बळवंतराव साळोखे आपल्या शाळेतले शिक्षक स्वतः निवडत, पण कुणाचंच उत्तर पुरं होऊ देत नसत. इंग्रजीच्या जागेसाठी त्या दिवशी सात उमेदवार आले आणि अर्ध्या वाक्यावर परत गेले. आठवी होती वैजयंती कुंभार.

अर्जावरचं आडनाव वाचून बळवंतराव हसले. "घरी चाक फिरतंय का अजून?"

"फिरतंय. मीही बसते चाकावर."

"मग सांगा, 'हिअर' आणि 'लिसन'. मराठीत दोन्ही ऐकणंच. फरक काय? आणि डिक्शनरीतलं नको, ते सगळ्यांना पाठ असतं."

वैजयंती उठली. कोपऱ्यात तिवईवर नवा कोरा माठ होता. तिने बोटाच्या पेराने तो वाजवला.

"हा आवाज सगळ्यांच्या कानावर पडला, हे हिअर. शेवटी तो जरा बद्द झाला, म्हणजे बुडाला चीर आहे, पाणी टिकणार नाही. हे लिसन."

"काहीतरीच. काल बाजारात मी स्वतः वाजवून घेतलाय."

शिपायाने माठ भरला. बघता बघता तिवईवरून पाण्याची धार लागली.

"मग मला कसं कळलं नाही?" बळवंतरावांनी विचारलं.

"वाजवलात तुम्ही खरा," वैजयंती म्हणाली, "पण तेव्हा बोलत कोण होतं?"

काल बाजारात सोबत असलेल्या, आता शेजारी बसलेल्या मुख्याध्यापकांनी फायलीआड हसू लपवलं. बळवंतरावांनी अर्ज पुढे ओढला. मग त्यांनी अर्जावर सही केली.

"सोमवारी रुजू व्हा, बाई. आणि नवा माठ घ्यायला मला सोबत न्या. मी बोलणार नाही."