टोपल्यांना फुटल्या मुळ्या

डोंगरापलीकडच्या फुलगावात, बरं का, येसू नावाची एक चिमुकली राहायची. घरात ती आणि तिची आई चंद्रा, दोघीच. चुलीवर कधी भाकरी, कधी नुसतंच आधण. आई राणीच्या बागेत देवीसाठी हार ओवायची. तिच्या डोळ्यांतला उजेड हळूहळू विझत गेला आणि एके दिवशी सगळा काळोखच झाला. बोटं मात्र होती तशीच चपळ.

तरीही हार चुकायचे. पिवळ्या झेंडूत मधेच केशरी, केशरीत पिवळा. वास दोघांचा एकच, मग नाकाला रंग कळावा तरी कसा?

"चंद्रे, हा देवीचा हार की गोधडी?" मुकादमीण गोदाक्का करवादली. "उद्या चुकलीस तर परत येऊ नकोस, बाई."

बाकीच्या बायका फिदीफिदी हसल्या. घरी जाताना आईनं लेकीचा हात इतका घट्ट धरला, की येसूची इवली बोटं कळवळली.

संध्याकाळी येसू केवड्याच्या बनात रडायला गेली. आणि तिथं, अगं बाई! काट्यांत एक परी अडकलेली. मोरपंखी पंख, जाईच्या कळीएवढे पाय, केसांत दवाचे लुकलुकते मणी. येसूनं एकेक काटा बाजूला केला. स्वतःची बोटं रक्ताळली, पण पंखावर चरासुद्धा उमटू दिला नाही.

"गुणाची गं माझी!" परी म्हणाली. "एक मागणं माग. पण विझलेलं मला पेटवता येत नाही. आणि ज्याच्यासाठी मागशील, त्याला आधी विचारायचं."

"म्हणजे आईचे डोळे नाहीच?"

"नाही गं, सोन्या."

येसूला हुंदका फुटला. आईला काय हवं, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं. ती धावतच घरी गेली.

परीची गोष्ट सांगून तिनं विचारलं, "आई, तुला काय हवं?" आई म्हणाली, "डोळेच हवे होते गं. ते नाहीत, तर निदान टोपल्या जागेवर राहू देत. मी पिवळ्या फुलांची टोपली डावीकडे ठेवून घेते, केशरी उजवीकडे. कुणी झाडताना सरकवतं, कुणी पायानं ढकलतं. मग हाताला भलतंच फूल लागतं."

"मग सांगत का नाहीस?"

"सांगितलं की म्हणतील, आंधळीचे नखरे."

येसू पळत बनात परतली आणि परीच्या कानात कुजबुजली.

सकाळी गोदाक्कानं चंद्राच्या टोपलीला पाय लावला. टोपली हलेना! तिघी बायकांनी ओढली आणि तिघीही धपकन आपटल्या. बघतात तर काय, टोपल्यांच्या बुडाला हिरव्यागार मुळ्या फुटून जमिनीत शिरलेल्या!

"कसलं गं हे चेटूक?"

या वेळी आई पुढे होऊन बोलली. "अक्का, त्या तिथंच राहू देत. जागा बदलली की मी चुकते. आज माझा हार बघा."

दुपारी गोदाक्कानं फूल न् फूल तपासलं. एकही चुकीचं नव्हतं.

"उद्या लवकर ये," ती पुटपुटली. मग बायकांवर ओरडली, "आणि चंद्राच्या टोपल्यांना कुणी हात लावायचा नाही, सांगून ठेवते!"

तेवढ्यात बनावर सोनेरी, गुलाबी, निळा झगमगाट झाला आणि परी त्यात विरघळून गेली.

"आई, परी गेली! केवढा उजेड पडला!"

"हो का गं?" आई हळूच म्हणाली. तिनं डावीकडे हात घातला. पिवळं फूल तिथंच होतं.