भरलेला तुंबा

“पाणी निम्म्याहून जास्त आहे, महाराज. मग मी का परत फिरायचं?”

यशोधनने खांद्यावरचा तुंबा हलवून दाखवला. वाळवलेल्या मोठ्या भोपळ्याचा तो तुंबा खरोखरच भरलेला होता.

सोमगिरी महाराज त्याच्या कपाळाकडे बघत होते.

शिखर समोर होतं. मधे फक्त डोंगराची एक उघडी सोंड. खाली नजर जाईल तिथपर्यंत वाळवंट.

महाराजांचा मठ या डोंगराच्या पायथ्याशी. दीक्षा मागायला येणाऱ्याने आधी डोंगर चढायला निघायचं, अशी तिथली रीत. महाराज आपला तुंबा घेऊन मागून चालत. नियम एकच: तुंबा निम्मा झाला, की असाल तिथून मागे फिरायचं. परतीला तेवढं पाणी लागतंच.

यशोधन जुन्नरचा. तिकडचे सगळे गड त्याने पालथे घातलेले. गडावर कुठे ना कुठे पाण्याचं टाकं सापडतंच, त्यामुळे तहानेशी त्याची ओळख जरा वरवरचीच होती. शिखर गाठेल त्यालाच दीक्षा, हेही त्याने आपलं आपणच ठरवून टाकलेलं. विचारतो कोण?

“वाटेत किती प्यायलास?” महाराजांनी विचारलं.

“थेंबही नाही.” हे सांगताना त्याची छाती फुगली.

“का?”

“प्यायलो असतो तर फिरावं लागलं असतं. प्यायलोच नाही, तर...”

“तर तुंबा निम्मा होत नाही.”

“हो!”

एवढी हुशारी, आणि ती चालवली कुठे, तर स्वतःच्याच घशावर.

“घाम कुठे गेला तुझा?”

यशोधनने कपाळावरून हात फिरवला. कपाळ कोरडं ठणठणीत होतं.

“मघापासून येत नाही. अंगाला सवय झाली असेल.”

“असेल... आपण आलो ती वाट दाखव.”

यशोधनने क्षणभरही विचार न करता डावीकडे बोट केलं.

महाराजांनी एक दगड उचलला आणि त्याच्या बोटाच्या दिशेने टाकला. दगड कड्यापलीकडे गेला.

आवाज आला नाही... मग आला, फार खालून.

यशोधनचं बोट तसंच हवेत राहिलं. भीती त्याला पहिल्यांदाच वाटली. तो मटकन खाली बसला.

“महाराज, मी... मी तिकडे गेलो असतो?”

महाराजांनी त्याला हाताला धरून एका कपारीच्या सावलीत नेलं. बूच काढून त्याचाच तुंबा त्याच्या ओठांना लावला.

“घोट घे. थांब. आता दुसरा.”

त्याने तोंड बाजूला केलं. “असं प्यायलो तर निम्मा होईल. मग दीक्षा...”

“पी.”

“घर सोडून आलोय, महाराज. भावाला सांगून आलोय, की आता भगव्या वस्त्रातच तोंड दाखवीन.”

“या डोंगरात मेलेली माणसं मी उचलून खाली नेलीत, बाळ.” महाराजांचा आवाज चढला नाही. “त्यांचे तुंबे भरलेले होते.”

...

यशोधन प्यायला. घोट घोट, थांबून थांबून. जीभ सैल झाली. ऊन कपारीच्या तोंडाशी आलं आणि तिथेच रेंगाळलं. महाराज त्याच्या समोरून हलले नाहीत.

मग त्याच्या कानशिलापाशी काहीतरी चमकलं. महाराजांनी बोट लावून पाहिलं. घाम होता.

“आला,” ते म्हणाले, आणि त्यांनी इतका मोठा श्वास सोडला, की आतापर्यंत हा म्हातारा किती घाबरलेला होता ते यशोधनला तेव्हा कळलं.

त्याला रडू फुटलं. लाज वाटेना. जीव वाचला होता, आणि तो हवाहवासा वाटत होता.

त्याने तुंबा हलवला. बरोबर निम्मा. कुणी सांगायची वाट न बघता तो उठला आणि उजवीकडे बोट करून म्हणाला, “वाट ही.”

“ही.”

दोन पावलं गेल्यावर तो थांबला. “दीक्षा मात्र राहिली.”

“संध्याकाळी देतो. आधी पोटभर जेव.”

“शिखर न गाठता?”

महाराज चालू लागले होते.

यशोधनच्या मनावरचं ओझं एकदम उतरलं. तो मोकळेपणाने हसला, आणि वळून त्याने त्या उघड्या सोंडेपलीकडच्या टोकाकडे पाहिलं.

“महाराज, निदान एवढं तरी सांगा. वर आहे तरी काय?”

सोमगिरींनी आपला तुंबा कानाशी धरून हलवला.

“मला काय माहीत? माझाही दर वेळी इथेच निम्मा होतो.”