नावाड्याची पाठ

फार जुन्या काळची गोष्ट. नद्यांवर अजून पूल नव्हते. एका रुंद नदीच्या काठी एक नावाडी आणि त्याची बायको राहत असत. नावाडी अंगाने दणकट होता.

एका पावसाळ्यात पूर चढू लागला. नाव वाहून जाऊ नये म्हणून नावाडी एकटाच ती काठावर ओढू लागला. ओढता ओढता त्याच्या पाठीत जोराची कळ आली आणि तो चिखलात कोसळला.

गावच्या वैद्यांनी त्याला बरेच दिवस निजवून ठेवले, शेक दिला, लेप लावले. हळूहळू तो उठून बसला, चालू लागला. पण वाकायला गेला की तीच कळ यायची. त्याने वाकणे सोडले, मग वल्हे सोडले. कमरेला घट्ट फडके बांधून तो दारात बसून राही. नाव बायको चालवू लागली. पाणीही तीच भरी, लाकडेही तीच आणी.

एक दिवस वैद्यांनी त्याची पाठ नीट चाचपून पाहिली.

"आतली दुखापत केव्हाच भरून आली आहे," ते म्हणाले.

"मग दुखतं कसं? मी खोटं सांगत नाही."

"खोटं नाहीच. दुखणं खरं आहे. पण तुझ्या शरीराला त्या दिवसाची धास्ती बसली आहे. तू वाकायचं मनात आणलंस की ते आवळून घेतं आणि दुखतं. माझ्याकडे येत जा. आपण ती धास्ती घालवू."

नावाड्याला ते फार लागले. "म्हणजे मी सोंग करतो आणि बायकोला राबवतो, असंच ना?" असे म्हणून तो तडक घरी आला.

बायको म्हणाली, "एकदा जाऊन तर बघा."

"तूही आता त्यांच्यासारखंच बोल."

तिने पुन्हा तो विषय काढला नाही. नावाडी दूरदूर जाऊन तेल, ताईत, तापल्या सळईचे डाग, सारे करून आला. वर्षांमागून वर्षे गेली. दोघांचे केस पिकले.

एका सकाळी बायको नावेतले पाणी उपसत असताना नाव काठाला बांधलेला दोर तुटला. नाव धारेला लागली. नावाडी उठला, छातीभर पाण्यात शिरला, तुटका दोर धरला आणि सगळा जोर लावून नाव काठाला ओढून आणली. दोघे धापा टाकत वाळूवर बसले, तेव्हा कुठे त्याला पाठ आठवली. ती दुखत नव्हती.

दुसऱ्या दिवशी कळ परत आली. नावाडी मान खाली घालून वैद्यांकडे गेला.

"काल ती कुठे गेली होती?" त्याने विचारले.

"काल तुला पाठीची भीती वाटायला सवड नव्हती," थकलेले वैद्य म्हणाले. "बस इथे."

त्यांनी त्याला सावकाश श्वास घ्यायला शिकवले, थोडे थोडे वाकायला शिकवले. कळ आली की घाबरून आवळून न घेता, धोका टळला आहे असे स्वतःला सांगायला शिकवले. काही दिवस बरे जात, काही दिवस पुन्हा पहिल्यासारखे. पण त्याने सोडले नाही. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत कमरेचे फडके सुटले.

मग एके दिवशी त्याने बायकोच्या हातातून वल्हे घेतले. तिची बोटे वल्ह्यावरून सुटली तरी सरळ झाली नाहीत.

"आता तू नुसती बस," तो म्हणाला.

ती नावेत बसली. नाव मध्यावर आल्यावर ती हळूच म्हणाली, "मला फार वाटायचं, तुम्ही वल्हवावं आणि मी निवांत पलीकडचा काठ बघत जावं."

"मग बघ की."

"पाण्यावरच्या उन्हानं डोळे गेले हो. आता मला काठ दिसत नाही, नाव मी नुसत्या सवयीनं नेत होते."

नावाड्याचे वल्हे थांबले. थोड्या वेळाने तो पुन्हा वल्हवू लागला आणि पलीकडे काय काय दिसते ते तिला एकेक करून सांगू लागला. त्याची पाठ पुन्हा कधी दुखली नाही. ती इतक्या उशिरा बरी झाली, हे मात्र त्याला जन्मभर सलत राहिले.

तात्पर्य: जखम भरल्यावरही जो भीतीला जपतो, त्याच्या दुखण्याचा भार त्याच्या माणसांना वाहावा लागतो.